स्लाइड कशात करायच्या? तीन अवघड स्लाइड आणि एक विसरलेला आलेख

आमच्या गटाला एका परिषदेत सलग सव्वादोन तास मिळाले होते. आधी ४५ मिनिटांचं व्याख्यान, मग ९० मिनिटांचं प्रात्यक्षिक. विषय असा, की उष्णतेचं समीकरण (सळईत उष्णता कशी पसरते ते सांगणारं) संगणकावर पावलापावलाने सोडवताना उत्तर कधी भरकटतं आणि का. बोलणारे चौघं. मुख्य व्याख्यान सरांचं, त्यातला आलेखांचा भाग माझ्या मैत्रिणीचा, प्रात्यक्षिक गटातल्या सगळ्यात धाकट्याचं आणि सिद्धता माझी. शिवाय ‘सगळ्यांच्या स्लाइड एकत्र कर’ हे कामही माझ्याच गळ्यात पडलं. ही हकिगत त्या कामाची.

तीन आठवडे आधी मी मसुदे मागवले. सरांकडून पॉवरपॉइंटची फाइल आली, मैत्रिणीकडून लिब्रेऑफिस इम्प्रेसची, माझी स्वतःची बीमरमधून (लाटेक या आज्ञा लिहून मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीचं स्लाइडसाठीचं पॅकेज) काढलेली पीडीएफ होती आणि धाकट्याने ज्युपिटर नोटबुक (कोड, टिपणं आणि आलेख एकत्र असलेली फाइल) पाठवून दिली, ‘ताई, ह्याच्याच स्लाइड होतील ना?’ अशा निरोपासकट. चार माणसं, चार साधनं.

पहिल्याच बैठकीत भांडण झालं ते अक्षरांच्या आकारावरून. माझी फाइल बघून सर म्हणाले, “अकरा पॉइंट? मागच्या रांगेतल्या माणसाने काय दुर्बीण आणायची?” मी म्हटलं, “सर, तुमच्या अठरापेक्षा माझी अक्षरं मोठी आहेत.” कुणाला पटेना. मग हिशेब मांडला. बीमरची रुंद स्लाइड म्हणजे १६० मिलिमीटर रुंद आणि ९० मिलिमीटर उंच असा छोटा कागद. पॉवरपॉइंटची स्लाइड १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच. अकरा पॉइंट म्हणजे सुमारे ३.९ मिलिमीटर, म्हणजे माझ्या कागदाच्या उंचीच्या ४.३ टक्के. सरांच्या स्लाइडवर तेवढाच हिस्सा व्यापायला साधारण २३ पॉइंट लागतात. पडद्यावर दोन्ही स्लाइड सारख्याच ताणल्या जातात, त्यामुळे पॉइंटचा आकडा एका साधनातून दुसऱ्यात नेण्यात काही अर्थ नसतो. सर हसले आणि त्यांनी स्वतःच्या अक्षरांचा आकार वाढवला. त्या बैठकीत निष्पन्न झालं ते एवढंच.

आम्हाला नेमकं काय दाखवायचं होतं

साधनाची निवड विषयावर अवलंबून असते, म्हणून विषय थोडक्यात सांगते. सळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठरावीक अंतरावर बिंदू घ्यायचे आणि प्रत्येक बिंदूचं पुढच्या क्षणाचं तापमान शेजारच्या दोन बिंदूंवरून काढायचं. या रीतीत एक संख्या कळीची असते, तिला आर म्हणू. अल्फा गुणिले डेल्टा टी, भागिले डेल्टा एक्सचा वर्ग. अल्फा म्हणजे सळईत उष्णता किती झपाट्याने पसरते ते, डेल्टा टी म्हणजे वेळेचं एक पाऊल आणि डेल्टा एक्स म्हणजे दोन शेजारच्या बिंदूंमधलं अंतर. आर अर्ध्यापर्यंत असेल तोवर उत्तर शहाण्यासारखं वागतं. अर्ध्याच्या पुढे गेलं, की शेजारशेजारचे बिंदू एक वर, एक खाली असे करवतीच्या दात्यांसारखे उड्या मारू लागतात आणि ही करवत दर पावलाला वाढत जाते. सगळ्यात दातेरी घटक दर पावलाला ‘एक वजा चार आर’ने गुणला जातो, म्हणून असं होतं. आर ०.४९ असेल तर हा गुणक उणे ०.९६ येतो आणि करवत विरते. आर ०.५५ असेल तर तो उणे १.२ होतो आणि करवत फुगत जाते.

म्हणजे स्लाइडवर समीकरणं हवीत, कोड हवा, आणि वेळेनुसार हलणारं चित्रही हवं. तिन्ही गोष्टी उत्तम करणारं एक साधन सापडलं असतं तर ही हकिगत इथेच संपली असती.

तीन अवघड स्लाइड

सॉफ्टवेअर निवडताना लोक सोयींची यादी करतात आणि बरोबरच्या खुणा मोजतात. मीही आधी तसा तक्ता केला होता. त्यात सगळ्यांना जवळजवळ सगळ्या खुणा मिळाल्या, कारण ‘समीकरणं घालता येतात’ असा दावा सगळेच करतात. तक्ता बाजूला ठेवला आणि ठरवलं, की आपल्या व्याख्यानातल्या सगळ्यात अवघड तीन स्लाइड घ्यायच्या आणि प्रत्येक साधनात खरोखर करून बघायच्या.

पहिली स्लाइड सिद्धतेची. चार ओळी एकामागून एक यायला हव्यात आणि शेवटी फक्त ‘एक वजा चार आर’ हे पद रंगायला हवं. दुसरीवर चौदा ओळींचा पायथॉन कोड, त्यातल्या ज्या ओळींबद्दल बोलणं चाललंय तेवढ्याच उजळ. तिसरीवर दोन आलेख शेजारी-शेजारी, डावीकडे ०.४९, उजवीकडे ०.५५, दोन्ही चालते.

सुरुवात बीमरपासून केली, कारण माझा जीव तिथे. बीमर टिल टांटाऊ यांनी २००३ साली स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी लिहिलं, आणि त्याचा पिंड अजून तोच आहे. सिद्धता मांडावी तर त्यातच. पहिली स्लाइड अर्ध्या तासात झाली आणि देखणी झाली. एकदाच गडबड झाली. ओळी आणायला मी ‘ओन्ली’ ही आज्ञा वापरली होती. ती पुढच्या ओळीसाठी जागा राखत नाही, त्यामुळे प्रत्येक क्लिकला अख्खी स्लाइड वर उडी मारायची. ‘अनकव्हर’ घातल्यावर स्थिरावली. बीमर वापरणारा प्रत्येक जण आयुष्यात एकदा तरी या उडीपाशी अडतो.

दुसऱ्या स्लाइडला फ्रेमवर (बीमरमध्ये स्लाइडचा मजकूर फ्रेममध्ये लिहितात) कोडसाठी लागणारं ‘फ्रॅजाइल’ लिहायला विसरले, तर दुरुस्तीच्या संदेशाने भलत्याच ओळीकडे बोट दाखवलं. तेही निभलं असतं. खरी पंचाईत अशी, की प्रात्यक्षिकात लोक कोड उचलून आपल्या संगणकावर चिकटवणार, आणि पीडीएफमधून उचललेल्या कोडमधल्या ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा बहुतेक वेळा गळून पडतात. पायथॉनमध्ये त्या जागांनाच अर्थ असतो. धाकट्याने करून दाखवलं. चिकटवलेला कोड पहिल्याच ओळीवर अडला.

तिसऱ्या स्लाइडने माझा हट्ट मोडला. पीडीएफमध्ये चलच्चित्र घालायची पॅकेजं आहेत, पण ‘अ‍ॅनिमेट’ हे पॅकेज पीडीएफच्या आत जावास्क्रिप्ट चालवतं. ॲक्रोबॅटमध्ये ते चालतं, ब्राउझरमध्ये उघडलेल्या पीडीएफमध्ये चित्र थिजलेलं दिसतं. व्हिडिओसाठी पूर्वी फ्लॅशचा आधार होता, तोही २०२० सालच्या अखेरीस बंद झाला. सभागृहातल्या संगणकावर काय असेल हे आम्हाला माहीत नव्हतं. म्हणजे बीमरमध्ये आठ स्थिर चित्रं एकामागून एक पलटायची, एवढाच मार्ग उरला.

मग पॉवरपॉइंट. त्याची हेटाळणी करणं आमच्या क्षेत्रात फॅशनच झाली आहे, आणि मीही त्यात सामील होते. पण तिसरी स्लाइड पॉवरपॉइंटमध्ये पाच मिनिटांत झाली. मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या आलेख काढणाऱ्या साधनातून काढलेला एमपी४ व्हिडिओ आत ओढला आणि ‘आपोआप सुरू’ निवडलं, बस. सिद्धतेची स्लाइडही माझ्या अपेक्षेपेक्षा बरी झाली. ऑल्ट आणि बरोबरचिन्ह दाबलं, की समीकरणाची चौकट येते. फक्त प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत ठेवावी लागली आणि चारही बरोबरचिन्हं एकाखाली एक आणायला डोळ्यांनी मेहनत घ्यावी लागली. बीमरमध्ये हे काम आपसूक होतं.

कोडच्या बाबतीत मात्र पॉवरपॉइंट धोकादायक ठरलं. व्हीएस कोड या कोड लिहायच्या संपादकातून चिकटवलं तर रंग येतात, हे बरं. पण तिथल्या तिथे एखादी ओळ दुरुस्त करायला गेलं, की सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि ओळीचं पहिलं अक्षर मोठं होतं. पडद्यावर फरक जाणवत नाही. वाचणाऱ्याने तो कोड चालवला, की चूक येते, आणि मग तो माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. स्वयंदुरुस्तीचे ते पर्याय बंद करता येतात. पण फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली, की तिथे ते चालूच असतात.

इम्प्रेसची चाचणी लवकर आटोपली. सरांची फाइल त्यात उघडली तर मजकूर जवळजवळ जागेवर होता. कॅलिब्रीच्या जागी लिब्रेऑफिस कार्लिटो घेतं, आणि त्या टंकाच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम कॅलिब्रीइतकी ठेवलेली आहे. समीकरणं मात्र सरकली. सगळा गट इम्प्रेसवर असता तर त्यात काहीच वावगं नव्हतं. एकाने पॉवरपॉइंटमध्ये आणि दुसऱ्याने इम्प्रेसमध्ये एकच फाइल आलटून-पालटून उघडायची, हे आम्हाला झेपणारं नव्हतं. मैत्रिणीने स्वतःहून माघार घेतली. धाकट्याने मधेच टिपस्टचं नाव काढलं. ते झपाट्याने पीडीएफ काढतं आणि त्याची लेखनपद्धत लाटेकपेक्षा सुटसुटीत आहे, हे खरं. पण चौघांपैकी एकालाच येतं असं साधन तीन आठवड्यांवर आलेल्या कामासाठी घ्यायचं नाही, एवढं मी अनुभवाने शिकले आहे.

शेवटी क्वार्टो. हे २०२२ साली आलेलं साधन तसं बऱ्याच जुन्या तुकड्यांची मोट आहे. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घालून लिहायचा, पँडॉक तो रूपांतरित करतं, स्लाइडची बाजू ब्राउझरमध्ये चालणारं रिव्हील जेएस सांभाळतं, आणि मधला पायथॉन कोड खरोखर चालवून त्याचा आलेख तिथेच बसवला जातो. कोडची स्लाइड इथे सगळ्यात सरस झाली. कुठल्या क्लिकला कुठल्या ओळी उजळायच्या ते एका ओळीत लिहायचं, काम संपलं. ब्राउझरमधून उचललेला कोड मोकळ्या जागांसकट येतो. व्हिडिओ चालतो. वक्त्याच्या टिपणांची वेगळी खिडकी एस हे अक्षर दाबल्यावर उघडते. उणीव मांडणीत दिसली. मजकूर जास्त झाला, की तो गुपचूप स्लाइडच्या तळाबाहेर जातो, इशारा वगैरे काही नाही. आणि एखादं चित्र बोटभर डावीकडे सरकवायचं तर सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाच्या मांडणीच्या नियमांमध्ये, हात घालावा लागतो. सरांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “हे उत्तम आहे. मी हे वापरणार नाही.”

हे वाक्य मी नोंदवहीत लिहून ठेवलं. सर व्याख्यानाच्या आदल्या रात्री अकरा वाजता स्लाइड बदलतात. वीस वर्षं बदलत आले आहेत, आणि त्यांचे शेवटच्या रात्रीचे बदल बहुतेक वेळा योग्यच असतात. त्या वेळी त्यांना मार्कडाउन, टर्मिनल आणि रेंडर शिकवायला कोणी जागं नसतं. मग मी प्रश्नच बदलला. ‘सगळ्यात चांगलं साधन कोणतं’ हा प्रश्न सोडला आणि प्रत्येक भागाला विचारलं, की आदल्या रात्री इथे काय बदलेल आणि ते कोण बदलेल.

सरांच्या भागात शब्द बदलतील, स्लाइडचा क्रम बदलेल, एखादी स्लाइड जाईल, आणि हे सगळं सर स्वतः करतील. प्रात्यक्षिकात कोड आणि आकडे बदलतील, ते धाकटा करेल. माझी सिद्धता बदलणार नाही, ती अठराव्या शतकापासून तशीच आहे असं मी म्हणायचे (अतिशयोक्ती, पण मुद्दा कळावा). आणि आलेख? ते दोन्ही भागांत होते. तिथेच घोटाळा होणार हे दिसत होतं.

काय ठरलं

व्याख्यान पॉवरपॉइंटमध्ये. प्रात्यक्षिक क्वार्टोमध्ये. सिद्धता मी बीमरमध्ये लिहिली, पण तिच्या चार पायऱ्यांची चित्रं करून सरांच्या फाइलमध्ये बसवली. एका व्याख्यानात दोन फाइलींची अदलाबदल करत बसणं श्रोत्यांना नकोसं होतं, आणि न बदलणारी गोष्ट चित्र होऊन गेली तरी बिघडत नाही. सगळे आलेख एकाच फोल्डरमधल्या एकाच स्क्रिप्टमधून निघतील, मोजमाप ठरलेलं, रंगसंगती विरिडिस. दोन्ही भागांची पीडीएफ प्रत पेन ड्राइव्हवर, व्हिडिओच्या जागी स्थिर चित्रं घालून.

मैत्रिणीने यावर चांगला आक्षेप घेतला. दोन वेगळी साधनं म्हणजे दोन वेगळे चेहरे, श्रोत्यांना जोड दिसेल. तिने मग दोन्हीकडे एकच टंक, तेच दोन रंग आणि शीर्षकाची तीच जागा बसवून दिली. तिचं हे काम कोणाच्या लक्षात आलं नाही, यावरूनच ते किती नीट झालं हे समजावं.

आणखी एक वाद गिटवरून, म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावरून झाला. धाकट्याला सगळंच गिटमध्ये हवं होतं. क्वार्टोची फाइल साधा मजकूर, तिच्यात कोणी काय बदललं ते ओळीओळीने दिसतं. पॉवरपॉइंटची फाइल म्हणजे आत एक्सएमएल भरलेली झिप. फाइलच्या नावातले शेवटचे चार वर्ण (पीपीटीएक्स) बदलून ‘झिप’ केलं तर उघडून बघताही येते. गिट ती साठवतं, पण काय बदललं ते वाचता येईल असं सांगत नाही. तडजोड अशी, की सरांची फाइल तारखेच्या नावाने साठवायची, आणि ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरंच’ ही नावं गटात बंद. ही बंदी दोन दिवस टिकली.

तालीम

चार दिवस आधी तालीम घेतली आणि मुद्दाम इंटरनेट बंद केलं. क्वार्टोच्या स्लाइडवर समीकरणांच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि कंस उमटले. समीकरणं रंगवणारं मॅथजॅक्स आपोआप इंटरनेटवरून येत होतं. आम्ही सगळं एकाच फाइलमध्ये भरायची सोय चालू केली होती, पण क्वार्टोमध्ये समीकरणांचं सामान भरण्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागते. ‘एम्बेड रिसोर्सेस’ आणि त्याखाली ‘सेल्फ कंटेन्ड मॅथ’, दोन्ही. फाइल फुगली, पण जाळ्याविना चालली. व्याख्यान ब्राउझरमध्ये देणाऱ्या प्रत्येकाने ही तालीम घ्यावी. सभागृहातलं वायफाय सकाळी चालू असतं आणि दोनशे फोन जोडले गेले, की त्याचा श्वास कोंडतो.

त्याच तालमीत सरांना दुसरंच काही दिसलं. “०.५५ ला फार लवकर फुटतंय. लोकांना करवत वाढताना दिसली पाहिजे, इथे डोळा लवायच्या आत चित्र चौकटीबाहेर जातंय.” बरोबर होतं. गुणकाचा आकार १.२, म्हणजे शंभर पावलांत आठ कोटींहून जास्त पट. आर ०.५१ घेतला तर गुणक उणे १.०४ होतो आणि शंभर पावलांत वाढ सुमारे पन्नास पटच राहते. करवत हळूहळू दात काढताना दिसते. सर म्हणाले, “विचार करून सांगतो.”

आदल्या रात्री पावणेअकराला त्यांचा निरोप आला. ०.५१ करा.

धाकट्याने स्क्रिप्टमध्ये एक आकडा बदलला आणि क्वार्टो पुन्हा चालवलं. दोन मिनिटांच्या आत प्रात्यक्षिकातले सगळे आलेख, व्हिडिओ आणि मजकुरात छापले जाणारे आकडेही नवे झाले. पॉवरपॉइंटमधली चित्रं मी हाताने बदलली. चित्रावर उजवी क्लिक करून ‘चेंज पिक्चर’ निवडलं, की जुन्याच जागी त्याच आकारात नवं चित्र बसतं. स्क्रिप्टमध्ये मोजमाप पक्कं ठेवल्यामुळे एकही चित्र ताणलं गेलं नाही. पाच चित्रं, एक व्हिडिओ, वीस मिनिटं. मी समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी व्याख्यान छान रंगलं. ०.५१ ची करवत वाढू लागली तेव्हा सभागृहात कुजबुज झाली, जी सरांना हवी होती. मग उजळणीची स्लाइड आली. तीन छोटी चित्रं, तीन ओळी. तिसऱ्या रांगेतून हात वर झाला. “तुम्ही सगळीकडे ०.५१ म्हणालात, पण या आकृतीवर ०.५५ लिहिलंय. कोणता आकडा बरोबर?”

ती लहान आकृती मी पहिल्या आठवड्यात मोठ्या आलेखातून कापून चिकटवली होती. फोल्डरमध्ये त्या नावाची फाइलच नव्हती, म्हणून माझ्या पाच चित्रांच्या यादीतही ती नव्हती. सर शांतपणे म्हणाले, “दोन्ही बरोबर. दोन्ही अर्ध्यापेक्षा मोठे आहेत, फक्त एक जरा जास्त घाईत आहे.” लोक हसले. माझे कान गरम झाले.

आता आमची स्क्रिप्ट प्रत्येक आलेखाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक राखाडी अक्षरांत आरची किंमत आणि तयार झाल्याची तारीख-वेळ छापते. चित्र कापलं, की ती अक्षरं आधी जातात, म्हणून कापलेलं चित्र लगेच ओळखू येतं. सरांना ती अक्षरं पडद्यावर खुपतात. दर वेळी म्हणतात, “ते काढून टाक.” अजून काढलेली नाहीत.